बन एका रुमालात होतात

आमच्या दादाच्या बेकरीत घड्याळ नव्हतं, गाणी होती. बन किती वेळात होतात असं कुणी विचारलं की दादा सांगायचा, "एका रुमालात." ब्रेडला एक रुमाल आणि वर अर्ध्या पायऱ्या. बिस्किटांना नुसतं भांडण पुरायचं. नवीन माणूस वेड्यासारखा बघत बसायचा. जुनी गिऱ्हाइकं मात्र बाकावर टेकायची आणि विचारायची, "रुमाल सुरू झाला का? मग थांबतो."

दादा या उन्हाळ्यात गेला. दुपारी जेवला, आडवा झाला, उठलाच नाही. हाक नाही, पाणी नाही, काही नाही. आयुष्यभर एवढा गलका केलेला माणूस आणि जाताना चिडीचूप. मला त्याचा अजून राग येतो.

आणि मग वहिनी सगळ्यांसमोर बोलून बसली. माझी भाची, म्हणजे दादाची लेक, आईला आपल्याकडे न्यायला आली होती. बॅगपण भरून झाली होती. तर वहिनी म्हणाली, "आधी बन करून बघते. यांच्यासारखे जमले तर दुकान मी चालवीन. नाही जमले तर कुलूप लावून तुझ्याबरोबर येते. यांच्या नावावर मी दगड विकणार नाही." वहिनी एकदा बोलली की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. भाचीने रजा वाढवली, मी माझ्या घरचं गुंडाळून ठेवलं आणि आम्ही तिघी भट्टीपुढे उभ्या राहिलो.

पण गाणी काय होती ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

दादा जिथे काम शिकला ती भट्टी जुनी, विटांची, लाकडावर चालणारी. तिच्याजवळ घड्याळ टिकायचंच नाही. मालकाने एक लावलं, ते उष्णतेने बंद पडलं. दुसरं लावलं, त्याच्यात मैदा गेला. मग मालक म्हणाला, अंदाजाने काढ. दादाचा अंदाज म्हणजे अगदी आनंदीआनंद. पण दादाला सिनेमाचं वेड. एक सिनेमा त्याने इतक्या वेळा बघितला होता की थेटरातला बॅटरीवाला त्याला बघून म्हणायचा, "तुझा तू जाऊन बस." त्या सिनेमात एक गाणं होतं. बाई गच्चीवरून रुमाल सोडते, खाली हिरो तो झेलतो. आता रुमाल पडायला किती वेळ लागतो? पण त्यात तीन कडवी जायची. रुमाल हवेतच. हिरो हात वर करून उभा. एकदा दादाने बन भट्टीत टाकले आणि ते गाणं म्हणत बसला, गाणं संपलं तेव्हा काढले, तर असे बन, असे बन, की मालकाने एक फोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. झालं. तेव्हापासून रुमाल ठरला, आणि पुढे मालकाकडून ती भट्टी दादाने स्वतः चालवायला घेतली तरी तोच राहिला.

पायऱ्यांचं गाणं दुसऱ्या सिनेमातलं. त्यात हिरॉईन मोठ्या वाड्यासारख्या घराच्या पायऱ्या उतरत येते, येते, येतच राहते. आमची आई म्हणायची, "एवढ्या वेळात मी खाली येऊन बाजार करून परत वर गेले असते." आणि भांडण म्हणजे दोघांचं गाणं, एका सायकलवर बसून दोघं भांडतात. दादा दोन्ही आवाज काढायचा. बाईचा आवाज काढताना मान वाकडी करायचा आणि डोक्यावर मैद्याचं फडकं घ्यायचा. बिस्किटं घ्यायला येणारी बायकामाणसं मुद्दाम त्या वेळेला यायची.

त्या पायऱ्यांवरच्या हिरॉईनच्या गालावर तीळ होता. तिचा फोटो दादाने मैद्याच्या मोठ्या डब्यावर चिकटवलेला. लग्न होऊन वहिनी आली तेव्हा तिने पहिल्या आठवड्यातच विचारलं, "ही कोण?" दादा म्हणाला, "ही आपल्याकडे ब्रेडचं काम बघते." वहिनी त्या फोटोला सवत म्हणायची. डबा पुसायची तेव्हा सगळा डबा पुसायची, फोटोवरचा मैदा तसाच. "राहू दे, तिला पावडर लागते."

आणि वहिनीची तर गंमतच झाली होती. नवी नवरी, पहिल्यांदा बेकरीत आली, आणि दादाने तिच्याकडे बघत रुमालाचं गाणं सुरू केलं. ही लाजून लाल. पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते. तीन कडवी झाली. गाणं संपलं. आता हा काहीतरी गोड बोलणार म्हणून ही खाली मान घालून उभी. तर दादा म्हणाला, "सरक जरा, ट्रे काढायचाय." ती गोष्ट वहिनी मरेपर्यंत विसरणार नाही आणि आम्हालाही विसरू देणार नाही.

वहिनी स्वतः कधी गायली नाही. एकदा लेकीला झोपवताना गुणगुणली तर लेक उठून रडायला लागली. दादा म्हणायचा, "अगं, तुझा सूर भट्टीत घातला तरी फुगणार नाही." ती म्हणायची, "तुम्ही फुगलाय तेवढं बास झालं की." आणि दादाचं पोट खरंच तसं होतं. बन विकणाऱ्याने बन खाऊ नये असं म्हणतात, दादाने हे ऐकलंच नव्हतं. गरम बन मधून फाडायचा, लोणी घालायचं, ते विरघळून मनगटापर्यंत आलं की चाटायचं, आणि मग चहात बुडवायचा. चहावर लोण्याचे डोळे तरंगायचे. आम्ही पोत्यांवर बसून खायचो आणि तो उभ्यानेच खायचा. म्हणायचा, "बसून खाल्लं की पोटात गर्दी होते."

गल्लीला पण ही सवय लागली. शेजारचे शिंपीकाका गिऱ्हाइकाला सांगायचे, "थांबा, काजं करून देतो, एक भांडण लागेल." मी शाळेत होते तेव्हा बाईंनी गणित घातलं, नळाने हौद किती वेळात भरेल. मी उठून सांगितलं, "दोन रुमाल." हातावर छडी बसली. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी बेकरीच्या गल्ल्यावर बसायला लागले, तिथे ते उत्तर चालायचं.

माझ्या लग्नात केक दादाने केला. केवढा मोठा! त्याला म्हणे तिन्ही गाणी, आणि मध्ये इंटरव्हल. पण रुमालाच्या तिसऱ्या कडव्याला तो थांबला, परत सुरू केलं, परत थांबला. केक खालून जळला आणि मधे कच्चा राहिला. माझ्या नवऱ्याला तो म्हणाला, "जावईबापू, जळलाय तो माझ्या रडण्याने, आणि कच्चा आहे तो तुमच्या घाईने. शिट्ट्या मारत होता ना खिडकीतून?" नवऱ्याने मुकाट्याने दोन तुकडे खाल्ले. तिथेच मला कळलं, हा माणूस टिकणार.

एकदाच दादाचा घसा बसला होता. तेव्हा शिंपीकाकांचा रेडिओ दिवसभर चालू असायचा आणि त्यावर रुमालाचं गाणं रोज दुपारी लागायचं. दादाने खुणेनेच सांगितलं, रेडिओवर लागलं की टाक, संपलं की काढ. मी टाकले. गाणं लागलं, पण हे कुठलं? तेच शब्द, आणि खाली धाडधाड ढोल, आणि बाई अशी पळतीये जशी मागे कुत्रं लागलंय. मला वाटलं, असेल बाबा, गाणं तर तेच आहे. संपलं, मी बन काढले. आत नुसता डिंक. समोरचे दातांचे डॉक्टर पहिलं गिऱ्हाईक. त्यांनी चावा घेतला आणि त्यांचं तोंड उघडेना. डोळ्यांनी बोलायला लागले. दादा हसून हसून खाली बसला. घसा बसलेला, त्यामुळे नुसती हवा यायची बाहेर, आणि पोट हलायचं. नंतर आवाज सुटल्यावर पहिलं वाक्य हेच बोलला, "नवीन गाण्यात त्यांनी वाट बघणंच काढून टाकलंय. बाईने टाकला, ह्याने उचलला, लगेच लग्न. बन काय डोंबल फुगणार!"

तर असा सगळा कारभार. कुठे काही लिहिलेलं नाही, मोजलेलं नाही. मैदा, यीस्ट, मीठ, साखर हे वहिनीला पाठ होतं, कारण मळायचं काम तिचंच. भट्टी पेटवायचं मला येत होतं. बन भट्टीत गेल्यावर पुढे काय, ते फक्त दादाला माहीत.

पहिल्या दिवशी भाची म्हणाली, "आई, सोपं आहे. फोनवर वेळ लावू." वेळ लावली. बन कच्चे. दुसऱ्या खेपेला वेळ वाढवली, बन खुटखुटीत. मग तिने इंटरनेटवर बघितलं, तिथे सगळ्यांच्या भट्ट्यांना बटणं. आमच्या भट्टीला दार आहे, ते पण अर्धं. वहिनी एकेक बन उचलायची, दाबायची आणि बाजूला ठेवायची. मला ते बघवत नव्हतं. बाहेर दातांचे डॉक्टर आले. त्यांनी एक बन घेतला, काउंटरवर वाजवून बघितला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही असेच बनवा. माझी प्रॅक्टिस वाढेल."

वहिनी म्हणाली, "डॉक्टर, घरी जा."

"अहो, मी चेष्टा..."

"कळलं. जा."

मग भाचीला आठवलं. तिच्याकडे दादाचा एक व्हिडिओ होता! मागच्या खेपेला आली होती तेव्हा सहज काढलेला. भट्टीपुढे दादा आणि पूर्ण रुमालाचं गाणं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. आम्ही तिघी अशा ओरडलो की शिंपीकाका कात्री घेऊन धावत आले. त्यांना वाटलं चोर.

बन टाकले. भाचीने फोन मैद्याच्या डब्यावर उभा केला आणि लावला. आणि दादा आला. बनियनवर, खांद्यावर फडकं, गातोय. पहिल्या कडव्यात मध्येच मला ओरडतो, "अगं ए, दार लाव, वाफ चाललीये!" आणि मी, खरं सांगते, मी पळत जाऊन भट्टीचं दार लावलं. लागलेलंच होतं. भाची फिसकन हसली. दुसऱ्या कडव्यात तो गिऱ्हाइकाशी बोलतो, "सुट्टे नाहीत? मग उद्या द्या, पळून जाताय का कुठे?" आणि परत सूर तिथेच पकडतो जिथे सोडला होता. वहिनी तोंडाला पदर लावून बघत होती. शेवटी त्याने सूर लांबवला आणि कॅमेऱ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"परत लाव," वहिनी म्हणाली.

भाचीने परत लावलं. तो परत मला ओरडला, मी परत दचकले. आम्ही हसून हसून एकमेकींच्या अंगावर. "परत लाव, परत लाव, ते सुट्ट्यांचं परत." शिंपीकाका पण बसले पोत्यावर, त्यांच्या डोळ्यांतून पाणी. म्हणाले, "ते सुट्टे माझे होते. अजून द्यायचेत." आम्ही अजून हसलो. वास आला तेव्हा शिंपीकाकाच म्हणाले, "काहीतरी जळतंय का?"

ट्रेमध्ये कोळसे. नुसते गोल गोल काळे कोळसे.

वहिनी हसायची थांबली. ट्रे हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "झालं. भर बॅग."

भाची म्हणाली, "आई, आपली चूक आहे ही. एकदाच लावायचं होतं. उद्या फक्त एकदा. मी हात बांधून बसते."

वहिनी तयार झाली, पण म्हणाली, "उद्या शेवटचं. मैदा फुकट येत नाही आणि लोकांना चघळायला विषयपण फुकट नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अगदी शहाण्यासारख्या वागलो. व्हिडिओ एकदाच. कुणी हसायचं नाही. दादा ओरडला तेव्हा मी खांब धरून उभी राहिले. गाणं संपलं, बन काढले. वरून छान, रंग सोनेरी. वहिनीने फाडला. आत अजून ओला. थोडासाच. पण ओला.

भाची खाली बसली. "असं कसं? बाबांचंच गाणं. बाबांचाच आवाज. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

मी म्हटलं, "त्या दिवशी भट्टी जास्त तापली असेल," आणि आणखी चार लाकडं आत सारली.

"मग बाबांना कसं कळायचं भट्टी किती तापलीये? आत हात घालायचे का?"

मला कुठे माहीत! मी आयुष्यभर गल्ल्यावर बसले, त्याच्याकडे पाठ करून. पण वहिनी पुढे आली. फोन हातात घेतला, व्हिडिओ लावला, आवाज बंद करून. गाणं ऐकायचंच नव्हतं तिला. बघत होती.

"हे टेकून उभे आहेत," ती म्हणाली.

"कोण?"

"तुझे बाबा. भट्टीच्या भिंतीला पाठ लावून." मग माझ्याकडे वळली, "वन्सं, यांचे बनियन मी धुतलेत इतकी वर्षं. पुढून पांढरे, पाठीवर तपकिरी. शर्टाचं पण तेच. मी म्हणायचे, आराम करतात मेले, जरा ताठ उभे राहत नाहीत, कपडे जाळतात सगळे." आणि तिने व्हिडिओकडे बोट दाखवलं. "आराम नव्हता गं तो."

मग भट्टीपाशी गेली आणि भिंतीला पाठ लावली. "आई गं!" म्हणून लगेच सुटली. परत लावली. आणि आम्हाला तिघींना एकदमच कळलं. भिंत जास्त तापलेली असली की माणूस टेकून राहणार कसा? तो गाणं भरभर उरकणार. भिंत कोमट असली की निवांत, सूर लांबवत, सुट्ट्यांवरून भांडत. दादाचं गाणं रोज वेगळं होतं. व्हिडिओत होतं ते त्या दिवसाचं. भट्टीच सांगायची त्याला, कसं गायचं ते.

भाची म्हणाली, "बाबांना माहीत होतं हे?"

वहिनी म्हणाली, "छे! त्यांना वाटायचं, आपला गळा आज मोकळा आहे."

आता प्रश्न हा की गाणार कोण. भाचीला गाणं येत नव्हतं, तिला ते धाडधाडवालंच माहीत. मी दारावर पाहिजे, फावड्यावर. राहिली वहिनी. म्हणाली, "मी गायले तर यीस्ट मरेल."

"मरू दे. टेक तू," मी म्हटलं.

शेवटचा ट्रे होता. मी तो लांब दांड्याच्या फावड्यावरून आत सरकवला आणि दार लावलं. वहिनीने पदर खोचला, पाठ टेकवली, डोळे मिटले आणि सुरू केलं. काय सांगू! पहिला सूर निघाला आणि शिंपीकाकांचं मशीन बंद पडलं. दुसऱ्या ओळीला समोरच्या दवाखान्याची खिडकी उघडली. तिला चाल येतच नव्हती, पण शब्द सगळे पाठ, एकेक. इतकी वर्षं ऐकलेलं जाणार कुठे. नव्या लाकडांनी भिंत चांगलीच तापलेली, त्यामुळे मध्येच "हाय हाय, मेले" करायची आणि पुढची ओळ पळवायची. रुमाल खाली पडत होता का कोसळत होता ते देवाला माहीत. भाची जमिनीवर लोळत होती हसून. मी फावडं धरून हसत होते आणि रडत होते, दोन्हीला एकच तोंड. तिसऱ्या कडव्याला वहिनीने दादासारखा सूर लांबवायला घेतला, पण पाठीने ऐकलं नाही. "काढ गं वन्सं, काढ, भाजले मी!"

काढले.

वहिनीने बन उचलला, या हातातून त्या हातात टाकला, फाडला. आतून वाफ आली, आणि जाळीदार, मऊ, कोरडा. तिने घास घेतला आणि नुसतीच चावत राहिली. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघतोय. भाचीने विचारलं, "आई? बोल ना."

"मीठ जरा जास्त झालंय," वहिनी म्हणाली. "ते माझंच. ते रोजच व्हायचं." आणि दुसरा घास घेतला, आणि तिसरा, उभ्यानेच, आणि डोळ्यांतून पाणी चाललंय आणि तोंड चाललंय.

बॅग भाचीनेच उघडली. साड्या कपाटात परत लावल्या. निघताना आईला चार जाड सुती ब्लाउज शिंपीकाकांकडे शिवायला टाकून गेली, पाठीला दुहेरी कापड.

आता बन रोज होतात. वहिनीचा सूर काही सुधारलेला नाही, मी खोटं कशाला बोलू. बाकावर बसणारे आधी कान झाकतात आणि मग हात पुढे करतात. बिस्किटांचं भांडण आम्ही दोघी मिळून म्हणतो, त्याला चाल लागत नाही, आम्ही खरंच भांडतो. अडलंय ते फक्त ब्रेडचं. त्याला पायऱ्यांचं गाणं, त्यात एक सूर इतका वर जातो की वहिनी तिथे पोचेपर्यंत ब्रेड करपतो. परवा दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या खिडकीतूनच विचारलं, "वहिनी, ब्रेड कधी मिळणार?"

"रियाज चालू आहे," वहिनी म्हणाली.

"ते ऐकू येतंय. पेशंट पण विचारतायत, आत कुणाचा दात काढला म्हणून."

"मग सांगा ना, समोर बाई गाणं शिकतीये."

"तोपर्यंत मी काय खाऊ?"

"टोस्ट खा."

"अहो, टोस्ट ब्रेडचाच होतो!"

"तुम्ही दात बघा हो डॉक्टर," वहिनी म्हणाली आणि भिंतीला पाठ टेकवली.